मदरबोर्ड बदलल्यानंतर दोष कसा शोधावा?



या व्यासपीठावरून इतिहास, तत्त्वज्ञान, साहित्य या विषयांवर बोलणारे मोठमोठे विद्वान आपण ऐकले आहेत. मी कामगार संघटनेत काम करणारा माणूस. माझे शिक्षण शाळेच्या वर्गात थोडे आणि कामगारांच्या टेबलाशेजारी बसून जास्त झाले. तेव्हा विषयही मी टेबलावरचाच निवडला आहे. लॅपटॉप दुरुस्त करणारे कारागीर आज गावोगावी आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर तर अशा मालाची आणि अशा कामाची मोठी पेठच आहे. या कारागिरांपुढे आणि त्यांच्या गिऱ्हाइकांपुढे वारंवार उभा राहणारा एक पेच मी आज उलगडून सांगणार आहे. गेमिंग लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला, झाकण लावले, बटण दाबले, आणि यंत्र धड चालत नाही. आता दोष कोठे शोधावयाचा?

कोणी म्हणेल, हा पोरांच्या खेळण्याचा विषय. त्यासाठी वसंत व्याख्यानमालेची संध्याकाळ कशाला खर्ची घालावयाची? परंतु ज्या यंत्रावर मुलगा रात्री खेळ खेळतो, त्याच यंत्रावर तो दिवसा अभियांत्रिकीचे नकाशे काढतो. लग्नाचे चित्रीकरण करणारा छायाचित्रकार आपल्या चित्रफिती त्यावरच जोडतो. किंमत लाखाच्या घरात, आणि बहुधा हप्त्याने घेतलेले. बोर्ड बदलावयाचा म्हणजे त्या किमतीचा मोठा हिस्सा पुन्हा मोजावयाचा. एवढे करूनही यंत्र उठले नाही, की मालक दुकानदाराला बोल लावतो, दुकानदार कारागिराला, आणि कारागीर बोर्ड पाठविणाऱ्याला. या भांडणात खरा दोष आहे तेथेच राहतो.

बोर्ड एक, सांधे वीस

मदरबोर्ड म्हणजे यंत्राचा मुख्य फलक. सगळे भाग त्याला येऊन मिळतात आणि वीज व संदेश यांची वाटणी त्याच्यावरून होते. टेबलावरच्या मोठ्या संगणकात मुख्य प्रोसेसर आणि चित्रे रेखणारी ग्राफिक्स चिप हे सुटे भाग असतात. बोर्ड बदलला तरी ते काढून नव्यावर बसविता येतात. गेमिंग लॅपटॉपात बहुतेक वेळा या दोन्ही चिपा बोर्डावरच सोल्डर केलेल्या असतात. त्यांच्या पोटाखाली सोल्डरचे शेकडो बारीक मणी असतात आणि त्या मण्यांनीच त्या बोर्डाला जखडलेल्या असतात. म्हणून येथे बोर्ड बदलला म्हणजे यंत्राचा मेंदू, चित्रकार आणि वीजवाटप ही सगळीच बदलली असे समजावे.

दुसरे असे की या यंत्राची भूक मोठी. साध्या लॅपटॉपचा अडॅप्टर ४५ ते ६५ वॉटचा असतो. गेमिंग लॅपटॉपचा १८० पासून ३३० वॉटपर्यंत. छताच्या साध्या पंख्याला सुमारे ७५ वॉट लागतात, हे ध्यानात घेतले तर २३० वॉटचा अडॅप्टर तीन पंख्यांची वीज एका वहीएवढ्या पेटीत ओतत असतो. साडेएकोणीस व्होल्टला हा प्रवाह जवळजवळ १२ अँपिअर होतो. एवढी वीज शेवटी उष्णतेतच रूपांतरित होते, आणि ती बाहेर काढण्यासाठी तांब्याच्या नळ्या व पंखे यांची जोडणी या दोन्ही चिपांवर एकत्र बसविलेली असते.

आता कारागिराने काय केले ते पाहा. त्याने बॅटरी सोडविली, पडद्याची केबल काढली, कीबोर्डाची, कीबोर्डाच्या दिव्यांची, टचपॅडची, चालू करण्याच्या बटणाची पट्टी-केबल काढली. पंख्यांच्या दोन जोडण्या, स्पीकरची एक, वाय-फायच्या दोन बारीक तारा, वीज आत घेणारी केबल, रॅमच्या पट्ट्या, डिस्क, उष्णता काढणारी जोडणी आणि तिचे स्क्रू, हे सगळे उतरविले आणि पुन्हा चढविले. बोर्ड एकच बदलला; परंतु उघडून मिटलेले सांधे वीसच्या घरात गेले. नवा बोर्ड सदोष असू शकतो, यात शंका नाही. तरीपण तो एक आहे आणि सांधे वीस आहेत. म्हणून चौकशीची सुरुवात सांध्यांपासून करावी. बोर्डावर एकदम आरोप ठेवून तो परत पाठविणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे होय.

चौकशीपूर्वीची तयारी

पहिली गोष्ट, बोर्ड त्याच यंत्राचा आहे काय? एकाच नावाच्या लॅपटॉपचे अनेक प्रकार निघतात. बोर्डावर छापलेला भाग-क्रमांक जुन्या बोर्डाशी ताडून पाहावा. डीडीआर ४ रॅम घेणारा बोर्ड आणि डीडीआर ५ रॅम घेणारा बोर्ड हे वेगळे. लॅपटॉपच्या पहिल्या पट्टीला २६० टोके असतात, दुसरीला २६२, आणि खाचेची जागाही वेगळी. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. बसत नाही हेच तिचे सांगणे असते. नव्या बोर्डावरची ग्राफिक्स चिप जुन्याहून मोठी असेल, तर जुने पंखे आणि जुना अडॅप्टर तिला पुरतील काय, हाही प्रश्न विचारावा.

दुसरी गोष्ट, वीज. अडॅप्टर काढावा, मागचे झाकण उघडताच प्रथम बॅटरीची जोडणी सोडवावी, आणि मग चालू करण्याचे बटण वीसएक सेकंद दाबून धरावे, म्हणजे बोर्डावर साठलेली वीज उतरते. बॅटरी जोडलेली असताना पडद्याची केबल काढली-लावली तर पडद्याच्या दिव्याला वीज देणारा फ्यूज उडू शकतो. बॅटरी फुगलेली दिसली तर तिला दाबू नये, टोचू नये, ती बदलावीच.

तिसरी गोष्ट, अंगातली स्थिर वीज. आपल्याकडे चैत्र-वैशाखात हवा कोरडी असते. दाराच्या मुठीला हात लावताच बारीक चटका बसतो, तेव्हा सुमारे ३००० व्होल्टचा झटका गेलेला असतो. चिपांतल्या नाजूक भागांना १०० व्होल्टच्या आतला झटकाही पुरतो, आणि तो आपल्याला जाणवतसुद्धा नाही. मनगटाला पट्टा बांधून तो जमिनीशी जोडावा. पट्टा नसेल तर नायलॉनचे कपडे आणि गालिचा टाळून, काम करता करता पुनःपुन्हा जमिनीशी जोडलेल्या धातूला हात लावावा.

चौथी गोष्ट फुकटची आहे, म्हणूनच बहुधा राहून जाते. उघडल्याबरोबर छायाचित्र घ्यावे. कागदावर यंत्राचा आराखडा काढून प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी चिकटपट्टीने लावून ठेवावा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो बोर्डाच्या आतल्या थरांत घुसतो किंवा एखादा मार्ग जमिनीशी जोडून टाकतो. मग नवा कोरा बोर्ड पहिल्याच दिवशी मरतो.

प्रसंग पहिला: यंत्र मुळीच उठत नाही

दिवा नाही, आवाज नाही, पंखा नाही. अशा वेळी क्रम असा ठेवावा. भिंतीतला प्लग तपासावा. हसू नका, अनेकदा तेथेच उत्तर सापडते. मग मल्टीमीटरने अडॅप्टरच्या टोकाशी व्होल्ट मोजावे. बहुतेक गेमिंग लॅपटॉपांना साडेएकोणीस किंवा वीस व्होल्ट लागतात आणि आकडा अडॅप्टरवर छापलेला असतो. तेथे वीज असेल तर अडॅप्टरच्या खाचेपासून बोर्डापर्यंत जाणारी आतली केबल नीट बसली आहे काय ते पाहावे.

अडॅप्टर न लावता केवळ बॅटरीवर यंत्र चालू करून पाहणारे पुष्कळ असतात. अनेक लॅपटॉपांत बॅटरी एकदा सोडविली की ती झोपेच्या अवस्थेत जाते, आणि अडॅप्टर लावल्याशिवाय जागी होत नाही. म्हणजे यंत्र ठणठणीत असूनही मेल्यासारखे पडून राहते. म्हणून बोर्ड बदलल्यानंतरची पहिली सुरुवात अडॅप्टर लावूनच करावी.

त्यानंतर बटणाची पट्टी-केबल. या केबली कागदासारख्या चपट्या असतात आणि खाचेत घालून वरचा चिमुकला कुलूप-खटका मिटावयाचा असतो. केबल अर्धा मिलिमीटर तिरकी गेली तरी टोके चुकतात. खटका उघडा राहिला तर केबल जागेवर दिसते, पण जोडलेली नसते. बटणच जोडलेले नसेल तर बोर्डाला हुकूम मिळणार कसा?

इतके करूनही यंत्र उठले नाही तर यंत्राला कमीत कमी भागांवर आणावे. बोर्ड, त्यावरची उष्णता काढणारी जोडणी, एकच रॅम, चालू करण्याचे बटण आणि अडॅप्टर, एवढेच ठेवावे. बॅटरी, डिस्क, वाय-फाय, टचपॅड, स्पीकर, बाजूच्या छोट्या फलकाची केबल, सगळे सोडवावे. बहुतेक यंत्रे एवढ्यावर जागी होतात. झाली, तर एकेक भाग परत जोडत जावे आणि प्रत्येक वेळी चालू करून पाहावे. अर्थात प्रत्येक जोडणीपूर्वी वीज पुन्हा तोडावयाची. ज्या भागापाशी यंत्र पुन्हा मान टाकील, तो भाग किंवा त्याची केबल आरोपी. पुष्कळदा जुना बोर्ड ज्याने मारला तोच भाग येथे सापडतो: यूएसबीच्या खाचेतली वाकलेली टोके, पाणी गेलेला बाजूचा फलक, आतून जुळलेली बॅटरी. हा तपास न करता तिसरा बोर्ड मागविणे म्हणजे त्यालाही त्याच खड्ड्यात ढकलणे.

प्रसंग दुसरा: दिवे लागतात, पंखा फिरतो, पडदा काळा

येथे पहिले औषध धीर. नवा बोर्ड प्रथमच एखाद्या रॅमला भेटतो तेव्हा तिच्याशी कोणत्या गतीने व कोणत्या मापाने बोलावयाचे, हे तो पारखून घेतो. डीडीआर ५ रॅमला हे काम काही मिनिटेसुद्धा घेते, आणि तोवर पडदा काळाच राहतो. अर्ध्या मिनिटात बटण दाबून यंत्र बंद करणारा कारागीर दर वेळी ही पारख अर्ध्यावर मोडतो. दहा मिनिटे घड्याळ लावून वाट पाहावी.

त्यानंतर रॅम. दोन पट्ट्या असतील तर एकच ठेवावी. पहिली एका खाचेत, मग तीच दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी तशीच. चार चाचण्यांत कळते की दोष पट्टीत आहे की खाचेत. पट्टी तिरकी आत घालून खाली दाबावी आणि दोन्ही बाजूंचे खटके बसल्याचा आवाज ऐकावा. अनेक यंत्रे अशा वेळी एखादा दिवा ठराविक वेळा उघडमीट करून आपली तक्रार सांगतात. त्या खुणांचा अर्थ त्या यंत्राच्या दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेला असतो.

रॅम ठीक असेल तर बाहेरचा पडदा जोडून पाहावा. बऱ्याच गेमिंग लॅपटॉपांत बाहेरच्या पडद्याची खाच थेट ग्राफिक्स चिपला जोडलेली असते. बाहेर चित्र दिसले तर बोर्ड चित्र काढतो आहे, आणि अडचण पडदा किंवा त्याची केबल यांत आहे. मग अंधारात विजेरी तिरकी धरून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहावे. पुसटशी अक्षरे दिसली तर चित्र पोहोचते आहे, फक्त मागचा दिवा लागत नाही. काहीच दिसले नाही तर पडद्याची केबल दोन्ही टोकांना पुन्हा बसवावी.

प्रसंग तिसरा: यंत्र चालते, पण तापते किंवा रेंगाळते

ही तक्रार सर्वांत फसवी. गिऱ्हाईक यंत्र घरी नेते, चार दिवसांनी परत आणते, आणि म्हणते, नवा बोर्ड मंद आहे. येथे दोन अगदी निराळी कारणे सारखीच लक्षणे दाखवितात आणि त्यांची फोड एका आकड्याने होते. तो आकडा तापमानाचा. ते दाखविणारे एचडब्ल्यूइन्फोसारखे प्रोग्राम फुकट मिळतात.

जड काम सुरू करताच काही सेकंदांत तापमान १०० अंशांच्या आसपास गेले, तर चिप आणि तांब्याचा ठोकळा यांचा स्पर्श नीट नाही. धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसले तरी त्यांच्यामध्ये हवेच्या बारीक पोकळ्या राहतात; त्या भरण्यासाठी थर्मल पेस्ट लावतात. बोर्ड बदलताना जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी लावलीच पाहिजे. शेजारच्या मेमरी-चिपांवर आणि वीज देणाऱ्या भागांवर मऊ थर्मल पॅड असतात. त्यांची जाडी जागोजाग वेगळी असते: कोठे अर्धा मिलिमीटर, कोठे एक, कोठे दीड. एका ठिकाणी जाड पॅड लागला की सगळा ठोकळा उचलला जातो आणि मुख्य चिपेला टेकतच नाही. स्क्रूंजवळ बहुधा १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. त्याच क्रमाने, थोडे थोडे, समोरासमोरचे आवळत जावे. बैलगाडीच्या चाकाची धाव एकाच बाजूने ठोकली तर ती बसत नाही, तसेच हे.

काही गेमिंग लॅपटॉपांत पेस्टऐवजी द्रवरूप धातू वापरलेला असतो. तो गॅलियमचा मिश्रधातू असून विजेचा वाहक आहे. त्याचा एक थेंब शेजारच्या भागांवर सांडला तर बोर्ड जळू शकतो, आणि ॲल्युमिनियमला तो कुरतडतो. ज्याने हे काम शिकून घेतलेले नाही, त्याने त्याला हात लावू नये, आणि दुकानदाराने ते काम नव्या पोराच्या पुढ्यात टाकू नये.

आता उलट बाजू. तापमान ५०-६० अंशांवर शांत आहे आणि तरी यंत्र रेंगाळते. मग उष्णतेवर संशय घेणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. येथे वीज अपुरी मिळते आहे. डेल, एचपी यांच्या गोल टोकाच्या अडॅप्टरांत मध्यभागी एक बारीक सुई असते. अडॅप्टर किती वॉटचा आहे, हे तिच्यावाटे बोर्डाला कळते. सुई वाकली, आतली केबल अर्धवट बसली, किंवा अडॅप्टर दुसऱ्याच जातीचा लावला, तर बोर्ड त्याला ओळखत नाही. बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेग पाडून ठेवतो. बॅटरी जोडावयाची राहिली असेल तरीही अनेक यंत्रे वेग आवरून धरतात. अडॅप्टर, ओळख आणि बॅटरी ही तीन पाहिली की या तक्रारीचा बहुधा उलगडा होतो.

प्रसंग चौथा: यंत्र चालू होते, पण घरात घेत नाही

या प्रसंगात हार्डवेअर शाबूत असते आणि तरी मालकाचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. म्हणून आपण सर्वांनी हा भाग विशेष लक्षात ठेवावा.

विंडोज असलेल्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कवरील मजकूर बिटलॉकर या व्यवस्थेने कुलूपबंद केलेला असतो, कित्येकदा मालकाच्या नकळत. कुलपाची किल्ली बोर्डावरच्या किंवा प्रोसेसरमधल्या टीपीएम नावाच्या तिजोरीत असते. बोर्ड गेला की तिजोरी गेली. नवा बोर्ड लागताच पडद्यावर ४८ आकड्यांची परतावा-किल्ली मागितली जाते. ती मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात किंवा त्याच्या कचेरीच्या संगणक-विभागाकडे जपलेली असते. सापडली तर दोन मिनिटांचे काम. कोठेच जपलेली नसेल तर तो मजकूर जगातला कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. तेव्हा जुना बोर्ड चालत असेल तर तो काढण्यापूर्वी, आणि चालत नसेल तर दुसऱ्या यंत्रावरून खाते उघडून, ही किल्ली आधी हाती घ्यावी.

दुसरी अडचण अशी की यंत्र सुरू होता होता निळा पडदा येतो आणि डिस्क वाचता येत नाही अशी सूचना दिसते. कारण बहुधा बायोसमधल्या एका खुणेत असते. नव्या इंटेल यंत्रांत डिस्क व्हीएमडी नावाच्या पद्धतीने चालते किंवा साध्या पद्धतीने. जुन्या बोर्डावर एक पद्धत होती आणि नव्यावर दुसरी निघाली की डिस्क ठीक असूनही विंडोज उठत नाही. खूण पूर्ववत केली की काम संपले. परंतु उतावळा कारागीर डिस्कवर नव्याने विंडोज चढवितो, आणि विद्यार्थ्याचा दोन वर्षांचा प्रबंध किंवा कुणाच्या लग्नाची सगळी छायाचित्रे एका टिचकीने पुसली जातात. डिस्क पुसण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घ्यावयाची, हा नियम दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवण्याजोगा आहे.

बाकीच्या बाबी किरकोळ. तारीख-वेळ चुकली असेल तर ती लावावी. ती पुन्हापुन्हा चुकत असेल तर बोर्डाची तीन व्होल्टची छोटी बॅटरी पाहावी. विंडोजचा परवाना यंत्राच्या बोर्डाशी बांधलेला असतो. तो मालकाच्या खात्याशी आधी जोडून ठेवला असेल तर भाग बदलल्याचे सांगून पुन्हा चालू करून घेता येतो. कीबोर्डाची काही अक्षरे उमटत नाहीत, टचपॅड हलत नाही, वाय-फाय खोलीबाहेर गेले की तुटते, या सगळ्या तक्रारी बहुधा पट्टी-केबल तिरकी बसल्याच्या किंवा वाय-फायची बारीक तार निसटल्याच्या असतात.

एका वेळी एकच बदल

या चारही प्रसंगांत एकच सूत्र आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, परिणाम पाहावा, आणि तो लिहून ठेवावा. रॅमही बदलली, केबलही दाबली, अडॅप्टरही दुसरा लावला, आणि यंत्र सुरू झाले, तर दोष कोणता होता हे कोणालाच कळले नाही. तो उद्या परत येईल. दुसऱ्या चांगल्या यंत्रावर चालून दाखविलेला भागच चाचणीसाठी घ्यावा. आणि बोर्डाला दोषी केव्हा ठरवावयाचे? कमीत कमी भागांवर, चालू असल्याची खात्री असलेली रॅम व अडॅप्टर लावून, दोन्ही खाचा तपासून, पुरेसा वेळ देऊनही तो उठला नाही तर. यापूर्वी नाही.

हे लिहून ठेवण्याचे मी एवढे का सांगतो? माझा मूळ धंदा येथे येतो. लहान-मोठ्या दुरुस्ती-केंद्रांतून तक्रार येते की बोर्ड बसविल्यावर यंत्र चालले नाही, म्हणून बोर्डाची किंमत कारागिराच्या पगारातून कापली. एका बोर्डात त्याचा महिन्याचा पगार जातो. ही चाल नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत खराब निघालेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून वळती करून घेत असत. सूत कच्चे होते की माग बिघडला होता, हे कोणी विचारीत नसे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले कमिशनने दंड आणि कपातींच्या प्रश्नात लक्ष घातले, आणि १९३६ साली वेतन-प्रदान कायदा झाला. हवाली केलेल्या मालाचे नुकसान कामगाराच्या स्वतःच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात, तीही त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी देऊन, आणि नुकसानीहून जास्त नाही, असे त्याचे तत्त्व होते. तेच तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेत आले असून ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आहे.

परंतु कायद्याने दिलेली संधी वापरण्यासाठी हातात काहीतरी लागते. ज्या कारागिराजवळ कागद आहे, ज्यावर लिहिले आहे की अमुक वाजता एकाच रॅमवर चाचणी घेतली, अडॅप्टरला साडेएकोणीस व्होल्ट मिळाले, बॅटरी सोडविली होती, छायाचित्र सोबत आहे, त्याला चौकशीची भीती वाटत नाही. आणि ज्याने खरोखर लांब स्क्रू आखूड जागी आवळला, त्याचीही चूक त्याच कागदावर उघडी पडते. आमच्या संघटनेच्या माणसाला हे कडू वाटले तरी ते खरे आहे. कागद कोणाचीच भीड धरीत नाही, म्हणून तो तिघांच्याही कामाचा.

मालकांनाही यात मागणे आहे. डेल, एचपी, लेनोव्हो या कंपन्या आपल्या पुष्कळ यंत्रांच्या दुरुस्ती-पुस्तिका सर्वांसाठी खुल्या ठेवतात. कोणती केबल कोठे, कोणता स्क्रू किती लांब, हे त्यांत चित्रांसह असते. खरेदी करतानाच दुकानदाराला विचारावे, या यंत्राची अशी पुस्तिका मिळते काय? भाग सुटे मिळतात काय? भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश काढला. हवा त्या दिशेची आहे. पण पुस्तिका मागणारे गिऱ्हाईक नसेल तर ती छापील हक्काच्या पुढे जावयाची नाही.

तेव्हा श्रोतेहो, उद्या आपल्या घरातला लॅपटॉप बोर्ड बदलून परत आला, तर बिलाबरोबर तीन कागद मागून घ्या: बसविलेल्या बोर्डाचा भाग-क्रमांक, केलेल्या चाचण्यांची यादी, आणि जड काम चालू असतानाचे तापमान. जुना बोर्डही पाहावयास मागा. आणि दुकानात टेबलामागे मान खाली घालून बसलेला मुलगा जर म्हणाला, ‘साहेब, एक दिवस जास्त द्या, एकेक भाग लावून बघतो,’ तर त्याला तो दिवस द्या. त्या एका दिवसात आपले पैसे, आपला मजकूर आणि त्याचा पगार, तिन्ही वाचण्याचा संभव आहे.